इंग्रजीच्या अटीवरून बायकोचा व्हिसा नाकारला. ज्युडिशियल रिव्ह्यू करावा का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात हकिगत अशी: तुम्ही लेस्टरला राहता आणि ब्रिटिश नागरिक आहात. लग्न जत तालुक्यात झालं. पत्नीचं शिक्षण सातवीपर्यंत, मराठी माध्यमात. इंग्रजीची ए-१, म्हणजे सगळ्यात प्राथमिक पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा त्यांनी दोनदा दिली, दोन्ही वेळा नापास. तरीही 'तिथे आल्यावर शिकेल' असं पत्र जोडून तुम्ही पत्नी म्हणून व्हिसाचा अर्ज केला. तीन आठवड्यांपूर्वी नकार आला. आता लंडनचे मामा म्हणतात, 'हा नियमच बेकायदा आहे, ज्युडिशियल रिव्ह्यू टाक.' सांगलीचा एक एजंट म्हणतो, 'परीक्षेचं मी बघतो.' आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ: 'तिला लहानपणापासून डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, उजव्यानेही जेमतेम.'

वीसेक वर्षं मी इंग्लंडमध्ये इमिग्रेशनच्या खटल्यांचं हेच काम करतो आहे. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही शेवटची. तिच्याकडे येतोच, पण आधी घड्याळ. नकाराच्या पत्रात 'अपीलचा हक्क आहे' असं लिहिलेलं असणार. भारतातून अपील करायला निर्णय हातात पडल्यापासून २८ दिवस मिळतात. तीन आठवडे गेले म्हणजे तुमच्याकडे आठवडाभर उरला. मामांशी वाद नंतर घाला. अपीलची नोटीस आधी ऑनलाइन दाखल करा, पुरावे मागाहून जोडता येतात. मुदत हुकली तर विलंब माफ करून घ्यावा लागतो आणि तो माफ होईलच याची खात्री नाही.

आता मामांचा मुद्दा. आपल्याकडच्या माणसाला ज्युडिशियल रिव्ह्यू म्हटलं की हायकोर्टातली रिट आठवते, आणि तुलना तशी चूक नाही. सरकारी निर्णय कायद्यात बसतो का, विचारपूर्वक घेतला का, रीत पाळली का, एवढंच न्यायाधीश बघतात. १९८४ च्या जीसीएचक्यू (ब्रिटनची एक गुप्तचर संस्था) खटल्यात लॉर्ड डिप्लॉक यांनी यालाच बेकायदेशीरपणा, अतार्किकता आणि प्रक्रियेतला दोष अशी तीन नावं दिली. वकील अजून त्याच तीन खुंट्यांवर दावे टांगतात. पण 'माझी बायको चांगली आहे, तिला येऊ द्या' हे तिथे कोणी ऐकत नाही. न्यायाधीश स्वतः व्हिसा देत नाहीत. दावा जिंकला तरी बहुतेकदा हातात पडतं ते 'निर्णय रद्द, पुन्हा विचार करा' एवढंच, आणि पुन्हा विचार करून होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, पुन्हा नाही म्हणू शकतं. त्यात आधी परवानगीचा टप्पा, आणि हरलात तर समोरच्याचा खर्च तुमच्या डोक्यावर.

मुख्य अडचण तर याहून साधी आहे. ज्याला अपीलचा हक्क आहे त्याला ज्युडिशियल रिव्ह्यू सहसा मिळतच नाही. दुसरा पुरेसा उपाय हाताशी असताना हे दार ठोठावू नका, असं इथली न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पती-पत्नीच्या व्हिसाचा अर्ज हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा दावा मानला जातो, त्यामुळे तो नाकारला की २००२ च्या इमिग्रेशनविषयक कायद्याखाली ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे न्यायाधिकरणात, अपील होतं. तुमचं दार ते आहे.

तरी मामांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण 'हा नियम बेकायदा आहे' हा दावा खरोखर लढला गेला आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. नियम २९ नोव्हेंबर २०१० पासून लागू झाला. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या. त्याआधी जोडीदाराने इथे येऊन, राहून, कायम वास्तव्य मागताना इंग्रजी दाखवायचं होतं. नव्या नियमाने ते विमानात बसण्याआधीच दाखवायला सांगितलं. हायकोर्टात २०११ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती बीटसन यांनी दावे फेटाळले, आणि त्या दाव्यांत एक भारतीय जोडपंही होतं. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तेच केलं. मग उरलेल्या दोन ब्रिटिश स्त्रिया सुप्रीम कोर्टात गेल्या. एकीचा नवरा पाकिस्तानात, दुसरीचा येमेनमध्ये. १८ नोव्हेंबर २०१५ चा तो निकाल आमच्याकडे 'बीबी आणि अली' म्हणून ओळखला जातो.

पाचही न्यायाधीशांनी नियम टिकवला. बाहेरचे लोक एवढंच वाचतात आणि पान मिटतात. आम्हाला मात्र पुढचं पान लागतं. लेडी हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: एक नियम, आणि दुसरी तो नियम राबवताना अधिकाऱ्याने काय करावं हे सांगणारी होम ऑफिसची मार्गदर्शिका. जोडीदाराने येण्याआधी थोडं इंग्रजी शिकावं ही अपेक्षा मुळातच हक्कभंग करणारी नाही. नियमच रद्द करायचा तर तो जवळपास कुठल्याच प्रकरणात हक्क न मोडता राबवता येत नाही असं दाखवावं लागतं, आणि ते दाखवता आलं नव्हतं. पण मार्गदर्शिका भलतीच कडक होती. शिकवणी परवडत नाही, केंद्र लांब आहे, मुळात लिहिता-वाचता येत नाही, यातलं काहीच 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणून धरायला ती तयार नव्हती. ती तशीच राबवली तर बऱ्याच प्रकरणांत हक्कभंग होईल, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. भेदभावाचा मुद्दा मात्र टिकला नाही. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या नागरिकाला परीक्षा नाही आणि भारतीयाला आहे, हे न्यायालयाला समर्थनीय वाटलं. भारत त्या सवलतीच्या यादीत नाही, मग माणूस पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला का असेना.

म्हणून मामांना सांगा: नियमावर हल्ला करून झाला आहे आणि नियम उभा आहे. एवढंच नव्हे, तो आणखी खोल रुजला आहे. इमिग्रेशनचे नियम म्हणजे १९७१ च्या कायद्याखाली गृहमंत्री संसदेपुढे ठेवतात ती नियमावली, संसदेने केलेला कायदा नव्हे. त्यामुळे २०१० मध्ये इंग्रजीची अट फक्त नियमात होती. २०१४ च्या कायद्याने मात्र वर सांगितलेल्या २००२ च्या कायद्यातच कलम ११७ब घातलं. त्यात म्हटलं आहे की इथे येऊ वा राहू इच्छिणाऱ्याला इंग्रजी येणं हे सार्वजनिक हिताचं आहे, कारण असा माणूस करदात्यांवर कमी भार टाकतो आणि समाजात लवकर मिसळतो. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशाला हे विचारात घ्यावंच लागतं. आणि इथे एक तिरकेपणा आहे. इंग्रजी येत असेल तर त्याचं वजन तुमच्या पारड्यात पडत नाही, ते शून्य धरतात. येत नसेल तर ते वजन तुमच्या विरुद्धच्या पारड्यात पडतं.

एक तांत्रिक गोष्टही यातूनच निघते. २०१३ च्या नोव्हेंबरपासून इमिग्रेशनचे बहुतेक ज्युडिशियल रिव्ह्यू अप्पर ट्रायब्युनलकडे गेले, पण नियमाच्याच वैधतेला आव्हान असेल तर ते हायकोर्टाकडेच राहिलं. म्हणजे 'तुमचा नियम चूक' हे एका दारात आणि 'नियम तुम्ही माझ्यावर चुकीचा लावला' हे दुसऱ्या. माझ्या अनुभवात सामान्य माणसाला जे काही मिळालं ते दुसऱ्या दारात मिळालं.

'चुकीचा लावला' या युक्तिवादाने काय साधतं याचा माझा आवडता दाखला इंग्रजीच्या अटीचा नाही, पैशाच्या अटीचा आहे. ऑक्टोबर २०१५, सुप्रीम कोर्ट, मंडालिया खटला. एका भारतीय विद्यार्थ्याने खात्यात पुरेसे पैसे असल्याचं सलग २८ दिवसांचं विवरण द्यायचं होतं, त्याने दिलं २२ दिवसांचं. अर्ज फेटाळला. पण होम ऑफिसच्या अंतर्गत सूचनेत लिहिलं होतं की अशा वेळी अर्जदाराला विचारून राहिलेला कागद मागवावा. अधिकाऱ्याने विचारलं नाही. ही सूचना अस्तित्वात आहे हे त्या विद्यार्थ्यालाही माहीत नव्हतं. तरीही न्यायालय म्हणालं की सरकारने स्वतःचं लिखित धोरण पाळायला हवं, समोरच्याला ते माहीत असो वा नसो. इंग्रजीच्या प्रकरणांतही आम्ही पहिल्यांदा हेच बघतो: नियम नंतर, त्या तारखेला लागू असलेली मार्गदर्शिका आधी. ती सरकारी संकेतस्थळावर असते, वारंवार बदलते, आणि नकाराचं पत्र लिहिणाऱ्याने ती उघडलीच नव्हती असं अधूनमधून सापडतं.

तुमच्या प्रकरणात तसं सापडेल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. अर्जात अधिकाऱ्यापुढे काय होतं? प्रमाणपत्र नव्हतं आणि 'आल्यावर शिकेल' असं पत्र होतं. बीबी खटल्यानंतर मार्गदर्शिका थोडी सैलावली. देशात परीक्षाच होत नाही आणि बाहेर जाणं व्यवहार्य नाही, अर्जदार महिनोन्महिने इस्पितळात आहे, सोबत येऊ इच्छिणाऱ्या अपंग मुलाची पूर्णवेळ शुश्रूषा अर्जदारावर आहे, देशात युद्ध चालू आहे, अशी उदाहरणं तिच्यात आहेत. पण शिक्षण कमी असणं हे एकट्याने कारण ठरत नाही, हेही तिच्यात आहे. जतहून पुणे-मुंबई लांब आहे, हंगामात रान सोडून जाणं सोपं नाही, हे मला कळतं. पण तुमच्या पत्नीने दोनदा जाऊन परीक्षा दिलेली आहे, त्यामुळे 'जाणंच शक्य नाही' हे म्हणता येणार नाही. अधिकाऱ्याने समोर होतं त्यावर निर्णय दिला आणि त्यात कायद्याची चूक दिसत नाही. हा निर्णय घेऊन मी ज्युडिशियल रिव्ह्यूला गेलो तर परवानगीच्या टप्प्यावरच परत येईन. शिवाय २०१५ पासून आणखी एक अडथळा आहे: चूक झाली नसती तरी निकाल हाच लागण्याची दाट शक्यता होती असं दिसलं, तर न्यायालयाला साधारणपणे दिलासा नाकारावाच लागतो.

आता कान.

ए-१ च्या परीक्षेत लिहिणं-वाचणं नसतंच. आयेल्ट्स लाइफ स्किल्सची ए-१ परीक्षा असेल तर सोळा ते अठरा मिनिटं, समोर परीक्षक, शेजारी आणखी एक परीक्षार्थी, आणि फक्त ऐकायचं नि बोलायचं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येणाऱ्या बाईला अनोळखी भाषेतलं अनोळखी आवाजातलं बोलणं ऐकून उत्तर द्यायचं आहे. ती नापास झाली यात 'शिकली नाही' किती आणि 'ऐकू आलं नाही' किती, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तुम्हीही नाही, राग मानू नका. आपल्याकडे कमी ऐकू येणं ही घरात सांभाळून घ्यायची गोष्ट असते, मुलीचं तर लग्नाआधी बोलतच नाहीत, कागदावर आणणं तर दूरच. नियमात सूट आहे ती तिघांना: ६५ किंवा त्याहून जास्त वय असणाऱ्यांना, ज्यांची शारीरिक वा मानसिक अवस्था अट पूर्ण करू देत नाही त्यांना, आणि अपवादात्मक परिस्थितीत अडकलेल्यांना. तुम्ही तिसरीचा दरवाजा वाजवत बसलात, दुसरीचा उघडा होता.

उघडा म्हणजे सताड उघडा नव्हे. 'कमी ऐकू येतं' एवढा दाखला पुरत नाही. मिरज तुम्हाला जवळ आहे आणि तिथे डॉक्टरांची वाण नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओग्राम काढून घ्या आणि अहवालात तीन गोष्टी स्पष्ट येऊ द्या: दोन्ही कानांत किती दोष आहे, तो केव्हापासून आणि कायमचा आहे का, आणि श्रवणयंत्र लावूनही या प्रकारची तोंडी परीक्षा देणं शक्य आहे की नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'यंत्र लावलं तर देता येईल' असं आलं, तर खोटं काही लिहून घेऊ नका. मग मार्ग वेगळा: यंत्र घ्या, आणि परीक्षा नोंदवतानाच विशेष सोय मागा. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना अशा सोयी द्याव्या लागतात, पण त्या मागाव्या लागतात, आणि त्यालाही वैद्यकीय कागद लागतो. विशेष सोय मिळूनही तिसऱ्यांदा जमलं नाही, तर तो निकालच तुमचा पुरावा होईल. शाळेतून कमी ऐकू येण्याची काही नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण आजचा अहवाल व्हिसासाठी बनवला असा संशय घेतला जातो. तीस वर्षांपूर्वीच्या शिक्षकाने हजेरीपटावर लिहिलेल्या शेऱ्यावर घेता येत नाही.

हे अपीलमध्ये मांडता येईल का? नव्या पुराव्याला ट्रायब्युनल साधारणपणे ना म्हणत नाही, निर्णयानंतरचा असला तरी. मात्र पूर्वी कधीच न मांडलेला सर्वस्वी 'नवा मुद्दा' असेल तर तो ऐकायला गृहमंत्र्यांची संमती लागते, आणि बहिरेपणाचा मुद्दा नवा की जुन्याच कौटुंबिक दाव्याचा पुरावा, यावर होम ऑफिसचा वकील हुज्जत घालू शकतो. माझा सल्ला असा: अपील या आठवड्यात दाखल करून मुदत वाचवा, मिरजेचे कागद जमवा, ते अपीलमध्ये पाठवून होम ऑफिसला स्वतःच निर्णय फिरवण्याची विनंती करा. अपील दाखल झाल्यावर अधिकारी फाइल पुन्हा बघतात आणि चांगला कागद असेल तर सुनावणीआधीच माघार घेतात. तसं झालं नाही आणि सुनावणीची तारीख फार लांब दिसली, तर सूट मागून नव्याने अर्ज करण्याचा विचार करा. नव्या अर्जाला पुन्हा फी आहे, ती लहान नाही. अपील कमी खर्चाचं पण संथ. यातलं काय परवडतं हे मी लेस्टरबाहेर बसून सांगू शकत नाही.

सांगलीच्या एजंटविषयी मात्र मला लांबलचक लिहायचं आहे, कारण त्या एका वाक्याने किती घरं बसली ते मी पाहिलं आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने दाखवलं की इंग्लंडमधल्या काही केंद्रांत टोइक नावाच्या परीक्षेला खऱ्या परीक्षार्थीच्या जागी दुसराच बसतो आणि बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं वाचून दाखवली जातात. होम ऑफिसने परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेला, ईटीएसला, जुनी ध्वनिमुद्रणं तपासायला सांगितली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांतल्या ५८ हजारांवर परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरल्या: ५८ टक्के 'अवैध', ३९ टक्के 'शंकास्पद'. एखाद्या वर्गातली शंभरातली सत्त्याण्णव मुलं कॉपी करताना पकडली तर शिक्षक आधी पकडणाऱ्याकडे बघेल, हे आमच्यापैकी अनेकांनी तेव्हाच म्हटलं होतं. पण व्हिसे धडाधड रद्द होत गेले, आणि त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेशची मुलं मोठ्या संख्येने होती. फसवणारे होतेच. न फसवणारेही होते, आणि अस्खलित इंग्रजीत ते मला आपली बाजू सांगत, 'मग मी दुसऱ्याला का बसवीन?'

ज्युडिशियल रिव्ह्यूचं महत्त्व त्या काळात मला नव्याने कळलं. त्या मुलांना अपील होतं, पण देश सोडून गेल्यावर. मायदेशी बसून 'तो आवाज माझाच आहे' हे सिद्ध करायचं! २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, अपील आहे ना, मग रिव्ह्यू कशाला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एहसान खटल्यात त्याच न्यायालयाने दिशा बदलली: ज्याच्यावर खोटेपणाचा आरोप आहे त्याची साक्ष न्यायाधीशाने समोर ऐकायला हवी, परदेशातून ती सोय नसेल तर ते अपील पुरेसा उपाय नव्हे, आणि मग रिव्ह्यू खुला आहे. वर मी 'अपील असेल तर रिव्ह्यू नाही' म्हटलं, त्याला पडलेलं हे छिद्र. तुम्हाला ते लागू नाही, कारण तुमच्या पत्नीवर कोणी आरोप केलेला नाही आणि तुम्ही स्वतः इथे सुनावणीला उभे राहू शकता.

पण एजंटचं ऐकलंत तर आरोप येईल. आणि हवा आता बदलली आहे. २०१६ मध्ये अप्पर ट्रायब्युनलने होम ऑफिसच्या त्या सरसकट पुराव्यातल्या उणिवा उघड केल्या होत्या, २०२२ मध्ये त्याच ट्रायब्युनलने दोन भारतीयांच्या प्रकरणात तोच पुरावा भरपूर आहे असं ठरवलं. एकदा फसवणुकीचा शेरा पडला की मग कान, संसार, मुलंबाळं, काहीही सांगा, आधी तो शेरा पुसावा लागतो. २०१९ च्या बालाजीगरी निकालापासून अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याआधी माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे खरं. पण संधी मिळून सांगणार काय, की सांगलीच्या माणसाने सेटिंग करून दिलं?

जाता जाता, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची इंग्रजी माध्यमातली पदवी असेल तर जोडीदाराला वेगळी परीक्षा लागत नाही, पण नुसतं मार्कशीट चालत नाही. एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून पदवी ब्रिटिश पदवीच्या तोडीची असल्याचं आणि ती इंग्रजीतून शिकवल्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं. इथे अडीच वर्षांनी मुदत वाढवताना ए-२ आणि कायम वास्तव्याला त्याहून वरची बी-१ पातळी लागते, तेव्हा ए-१ वर थांबू नका. नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांना ८ जानेवारी २०२६ पासून बी-१ ऐवजी बी-२ लागतं. नोकरीच्या व्हिसाला तुमच्यासारखं अपील नसतं. आधी खात्याकडे फेरतपासणी आणि मग ज्युडिशियल रिव्ह्यू, तोही तत्परतेने आणि कुठल्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत, खटल्यापूर्वीचं रीतसर पत्र पाठवून. मामांचं शस्त्र त्या लोकांच्या खऱ्या कामाचं आहे.

तुम्ही उद्या सकाळी दोन फोन करा. एक इथल्या नोंदणीकृत सॉलिसिटरला, नकाराचं पत्र आणि ते मिळाल्याची तारीख हातात ठेवून. दुसरा जतला, आणि त्यात परीक्षेचा विषय काढू नका. पत्नीला एवढंच विचारा, परीक्षेच्या खोलीत परीक्षकाचं बोलणं ऐकू येत होतं का.